तोफेला फुटलेले पाय
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१८ डिसेंबर १९६१ चा दिवस उजाडण्यापूर्वीच डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडालेले होते. आदल्या रात्री पेडणे, साखळी आणि दोडामार्गाच्या बाजूस चकमकी झाल्या आणि मागे सरणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी पहाटे पाचच्या सुमारास सुरुंग लावून हे पूल पाडले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. गोव्याचा हा उत्तर भाग म्हणजे नद्यांनी आणि खाड्यांनी कापलेला मुलूख. तेरेखोल, शापोरा, अस्नोड्याची नदी, डिचोलीची नदी आणि शेवटी मांडवी. पायदळ पोहून, होडीने, कमरेएवढ्या पाण्यातून चालत कसेही पलीकडे जाईल. परंतु त्यामागून यावयाचे जे जड साहित्य, विशेषतः तोफा, त्या अडल्या म्हणजे सैन्याचे अर्धे बळ अलीकडच्या काठावर राहिले.

तरीही त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास भारतीय रणगाडे बेतीच्या धक्क्याजवळ उभे होते. पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडच्या तीन फळ्यांपैकी मराठा पॅरा पलटण फोंड्याकडे, पंजाब पॅरा पलटण बाणस्तारीकडे आणि शीख पलटण रणगाड्यांसह थिवीच्या वाटेने आली होती. सातव्या घोडदळाचे ते स्टुअर्ट रणगाडे वस्तुतः दुसऱ्या महायुद्धातील जुने, हलके, अमेरिकन बनावटीचे. युरोपात त्यांना कोणी विचारलेही नसते. परंतु येथे पोर्तुगिजांकडे एकही रणगाडा नव्हता आणि रणगाडाविरोधी दारूगोळ्याचा तर दुष्काळच होता. तो मागविताना म्हणे तारेत ‘चोरीस’ असा सांकेतिक शब्द वापरला होता आणि लिस्बनहून खरोखरीचे चोरीस आले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, ती गोंयकारांना आवडते, हे मात्र खरे.

आजच्या व्याख्यानाचा विषय गोवामुक्तीचा नाही. तो आहे अवजड तोफेला स्वतःचे पाय कसे फुटले, हा. पण पडलेल्या पुलांची ही आठवण आरंभी सांगणे आवश्यक होते. कारण तोफ डागणे या विद्येपेक्षा तोफ हलविणे ही विद्या नेहमीच अवघड ठरली, आणि ते या नद्यांच्या मुलखातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीत ज्यास ‘सेल्फ-प्रोपेल्ड गन’ म्हणतात, तिला आपल्याकडील वृत्तपत्रे ‘स्वयंचलित तोफ’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. स्वयंचलित बंदूक म्हणजे आपोआप एकामागून एक गोळ्या सोडणारी बंदूक. त्या चालीवर वाचकाचा समज होतो की ही तोफही आपली आपणच उडते. तसे काही नाही. ती उडविण्यास गोलंदाज लागतातच. ती केवळ स्वतःच्या इंजिनावर चालते. म्हणून येथे ‘स्वचलित तोफ’ असा शब्द योजिला आहे. आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. पट्ट्यांवर चालते, वर तोफ आहे, म्हणून तिला रणगाडा समजण्याची चूक सहज होते. रणगाडा समोर दिसणाऱ्या शत्रूवर मारा करतो. स्वचलित तोफ मैलोगणती मागे, टेकडीच्या आड उभी राहते; तिच्या गोलंदाजांना शत्रू दिसत नाही; पुढे बसलेला निरीक्षक बिनतारी यंत्रावरून आकडे सांगतो आणि त्यानुसार गोळा टेकडीवरून पलीकडे टाकला जातो. त्यासाठी तोफेचे तोंड बरेच वर करता यावे लागते. ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढील साऱ्या कथेचे वळण तिच्यावरच आहे.

मराठी माणसाच्या इतिहासात तोफ ओढण्याचे दुःख पदोपदी आढळते. नोव्हेंबर १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यात येसाजी कंकांसारखा जुना लढवय्या होता. पोर्तुगीज तोफांनी तटाला खिंडारे पाडली. म्हणजे तोफांचे काम तोफांनी केले. पण संभाजीमहाराज स्वतः चालून येताच व्हाइसरॉयला दुर्भाटच्या बंदराकडे माघार घ्यावी लागली. तट फोडणारी तोफ ही पुढे जाताना जेवढी उपयोगी, तेवढीच मागे फिरताना ओझे. पावसाने भिजलेल्या वाटेवर बैल, गाडे आणि माणसे यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना डिचोलीच्या चिखलात एकदा गाडी रुतलेल्या कोणालाही करता येईल. त्यानंतर काही दिवसांतच मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात जुवे बेटावरील किल्ला घेतला, तो जड तोफखान्याच्या बळावर नव्हे.

पुढे १७४६ मध्ये दुसऱ्या एका व्हाइसरॉयने, दों पेद्रु मिगेल द आल्मैद याने, सावंतवाडीकर भोसल्यांवर मोहीम काढून ५ मे रोजी शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला घेतला. त्याच वर्षी डिचोली आणि तेरेखोलही त्याच्या हाती गेले. या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यास ‘मार्केश द आलोर्न’ ही पदवी दिली. हळर्णचे नाव असे लिस्बनच्या उमरावांत जाऊन बसले. त्याच घराण्यातील त्याची नात लेओनोर पुढे पोर्तुगीज भाषेतील नामांकित कवयित्री झाली आणि ‘मार्केझ द आलोर्न’ या नावानेच ओळखली गेली. पेडणे तालुक्यातील एका गावाचे नाव पोर्तुगीज काव्याच्या इतिहासात असे कायमचे कोरले गेले आहे. विषय सोडून सांगितलेली ही गोष्ट वाचनालयाच्या सभासदांना नापसंत होणार नाही, अशी आशा आहे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १७८८ मध्ये.

तोफेला पाय देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग इंजिनाचा नव्हे, उंटाचा. उंटाच्या पाठीवर खोगिरावर फिरत्या खिळीवर लहान तोफ बसवीत. तिला फारसीत ‘शुतुरनाल’ म्हणत, आपल्या बखरींतून ती ‘सुतरनाळ’ झाली. तिचेच दुसरे नाव ‘जंबुरा’. त्याचे मूळ ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी. नाव देणाऱ्याने तिचा डंख अनुभवलेला असावा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उत्तम होत्या, गोलंदाज कवायती होते. पण त्या तोफा जड होत्या आणि लढाईची जागा बदलली तशी त्यांना बदलता येईना. अब्दालीचे जंबुरे मात्र जेथे फळी डळमळली तेथे उंटासह येऊन उभे राहत. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. उपासमार हे त्यांतील सर्वांत मोठे. एका जंबुऱ्यावर सारा दोष टाकणे योग्य नव्हे. तरी हलती तोफ आणि न हलती तोफ यांतील अंतर त्या दिवशी हजारो कुटुंबांना कळले.

महादजी शिंद्यांनी तो धडा घेतला असे म्हणता येते. द बॉयनच्या कवायती पलटणी आणि आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली ओतलेल्या तोफा यांनी शिंद्यांचा तोफखाना युरोपियनांच्या तोडीचा झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर याचा प्रत्यय वेल्स्लीला आला. शिंद्यांच्या तोफांनी त्याच्या तोफांचे बैलच प्रथम मारले. बैल पडले की तोफा जागच्या जागी अडल्या आणि त्याच्या पायदळाला तोफांवाचून पुढे जावे लागले. लढाई त्याने जिंकली आणि नव्वदांहून अधिक तोफा त्याच्या हाती लागल्या, ही गोष्ट निराळी. परंतु तोफेचे मर्मस्थान तिच्या पोलादात नसून तिला ओढणाऱ्या मुक्या जनावरात आहे, हे असईने जेवढे स्पष्ट दाखविले तेवढे क्वचितच कोणत्या लढाईने दाखविले असेल.

जनावराच्या जागी इंजिन येण्यास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये इंग्रजांनी रणगाड्याच्या यंत्रावर तोफ वाहून नेणारा गाडा बांधला. एकंदर ४८ गाडे तयार झाले. सहा इंची हॉवित्झर गाड्यावरूनच डागता येत असे. पण यीप्रच्या चिखलात या गाड्यांचा उपयोग मुख्यतः दारूगोळा वाहण्यासाठीच झाला. तोफेसाठी बांधलेले वाहन अखेर हमाल ठरले. त्यानंतर १९२५ च्या सुमारास ‘बर्च गन’ नावाचा एक फार चांगला प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आणि १९२७ मध्ये सॅलिसबरीच्या मैदानावर प्रायोगिक यांत्रिक फौजेत ती फिरविण्यातही आली. पण शांततेचा काळ, पैशाची चणचण आणि घोड्यांवर प्रेम करणारे सेनाधिकारी या तिघांनी मिळून तो प्रयोग बासनात बांधला. युद्ध नसताना केलेला विचार टाकून द्यावा आणि युद्ध पेटल्यावर तोच विचार दुप्पट किमतीने, घाईने आणि माणसांच्या जिवावर पुन्हा करावा, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड आहे.

ती घाई १९४१ मध्ये आलीच. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन फौजा एवढ्या चपळाईने जागा बदलीत की मोटारीमागे जोडून ओढलेली तोफ सोडून, फिरवून, मांडून होईपर्यंत लढाई दुसरीकडे गेलेली असे. इंग्रजांची २५ पौंडी तोफ ही त्या काळातील अत्यंत भरवशाची तोफ. आपल्या हिंदी पलटणींनाही तिची चांगली ओळख होती. तीच तोफ व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या अंगावर बसवावी असे ठरले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये नमुना तयारही झाला. वर एक उंच, चौकोनी पोलादी पेटी आणि तिच्यात तोफ. तिचे रूप पाहून तिला ‘बिशप’ हे नाव पडले. ख्रिस्ती धर्मगुरूच्या उंच टोपीची आठवण व्हावी, असे ते ध्यान होते. नोव्हेंबरपर्यंत शंभर गाड्यांची मागणी नोंदविली गेली.

आता त्या पेटीत काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. जमिनीवर मांडलेल्या तोफेचे तोंड वर केले की तिची पिछाडी खाली जाते. तोफ उडाली की नळी धक्क्याने मागे येते. त्या धक्क्याला खाली मोकळी जागा हवी. उघड्या मैदानात ती मिळते. बंद पेटीत ती कोठून मिळणार? त्यामुळे बिशपच्या तोफेचे तोंड १५ अंशांपलीकडे वर होईना. परिणाम असा की जी तोफ जमिनीवरून १३,४०० यार्ड, म्हणजे १२ किलोमीटरांहून अधिक, गोळा टाकत असे, तीच गाड्यावर चढल्यावर ६,४०० यार्डांवर आली. पाय मिळाले आणि हात अर्धा तुटला. शत्रूची तोफ बारा हजार यार्डांवरून मारते आणि आपली साडेसहा हजारांवर संपते, याचा अर्थ गोलंदाजाच्या भाषेत असा की निम्मे अंतर उत्तर न देता मार खात कापावयाचे. तशात व्हॅलेंटाइनचा वेग ताशी जेमतेम २४ किलोमीटर, आणि आत माणसांची दाटी.

गोलंदाजांनी यावर जो उपाय काढला तो कोणत्याही यंत्रशाळेत सुचला नसता. ते मातीचा उतरता चौथरा रचीत, गाडा त्यावर चढवून त्याचे नाक वर करीत आणि मग तोफ डागीत. संपूर्ण गाडाच कलला की तोफेचे तोंड आणखी काही अंश वर जाई. म्हणजे फावड्याची दगदग वाचावी म्हणून जी तोफ निर्माण केली, तिच्यासाठी पुन्हा फावडे हाती आले. शेतात रुतलेल्या गाड्याच्या चाकाखाली दगड लावणाऱ्या आपल्याकडील गाडीवानाचीच ही अक्कल. बिशप १९४२ मध्ये एल अलामेनला लढला आणि १९४३ मध्ये सिसिलीतही गेला. त्याची निंदा करणारे ग्रंथकार पुष्कळ आहेत. परंतु तो वेळेवर हाती आला, हा त्याचा गुण मानावयास हवा.

सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेहून ९० नव्या गाड्या इंग्रजांना मिळाल्या. मध्यम रणगाड्याच्या अंगावर १०५ मिलिमीटरची हॉवित्झर, वरून उघडी, ऐसपैस. तिच्या एका बाजूस मशीनगनसाठी गोल कठडा होता. तो चर्चमधील प्रवचनाच्या उंच आसनासारखा दिसे, म्हणून ती ‘प्रीस्ट’ झाली. बिशपनंतर प्रीस्ट, पुढे कॅनडात बनलेली २५ पौंडी तोफेची ‘सेक्स्टन’ म्हणजे चर्चचा सेवक: इंग्रज गोलंदाजांनी रणभूमीवर सारे चर्चच उभे केले. या तिसऱ्या गाडीचे कारण मात्र विनोदी नाही. प्रीस्टला अमेरिकन गोळे लागत, इंग्रजांच्या साऱ्या पुरवठ्यात ते परके. तोफ कितीही चांगली असो, तिच्या मापाचा गोळा वेळेवर आला नाही तर ती लोखंडाची रास. सेक्स्टनने ती अडचण संपविली आणि अशा दोन हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. १९४४ मध्ये नॉर्मंडीत काही प्रीस्टच्या तोफा काढून घेतल्या आणि त्या गाड्यांतून सैनिक नेले. सैनिक त्यांना ‘वस्त्रे उतरविलेले पाद्री’ म्हणू लागले.

रशियनांची घाई आणखी विलक्षण. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात जानेवारी १९४३ मध्ये १५२ मिलिमीटरची तोफ जड रणगाड्याच्या अंगावर बसवून नमुना अवघ्या २५ दिवसांत उभा केला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुर्स्कला त्या गाड्या लढल्या. जर्मनांच्या ‘व्हेस्पे’ आणि ‘हुमेल’ या स्वचलित हॉवित्झरही कुर्स्कलाच मोठ्या संख्येने पुढे आल्या. ‘व्हेस्पे’ म्हणजे गांधीलमाशी. फारसी उंटस्वाराला आणि जर्मन यंत्रज्ञाला दोन शतकांच्या अंतराने एकच कीटक आठवला.

तोंड वर होण्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. प्रीस्टच्या हॉवित्झरलाही गाडी बुटकी ठेवण्याच्या नादात ३५ अंशांचीच मर्यादा पडली होती. सपाट युरोपात ती खपली. कोरियाच्या डोंगरांत १९५० नंतर ती खपेना. दरीतून उंच कड्यापलीकडे गोळा टाकावयाचा तर तोंड आकाशाकडे हवे. तेव्हा अमेरिकनांनी तोफेची बैठकच उंच केली. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे गणित सांगावयास नको.

भारतीय तोफखान्याची विद्या फाळणीनंतर नाशिकजवळ देवळालीला स्थिरावली. स्वचलित तोफेच्या बाबतीत मात्र आपण दीर्घकाळ जुळवाजुळवीवरच राहिलो. १९८० च्या दशकात रशियन बनावटीची १३० मिलिमीटरची लांब पल्ल्याची तोफ आपल्या विजयंता रणगाड्याच्या वाढविलेल्या अंगावर बसवून ‘कॅटापल्ट’ तयार करण्यात आली. कल्पना बिशपचीच, पण बंद पेटीची चूक टाळलेली: तोफ उघड्यावर, वर केवळ एक छप्पर. पल्ला शाबूत राहिला. त्याची किंमत ही की गोलंदाज उन्हापावसात आणि शत्रूच्या तुकड्यांसमोर उघडे. प्रत्येक रचनेत काहीतरी द्यावे लागते, आणि ते बहुधा गोलंदाजालाच द्यावे लागते.

१९९९ चा कारगिलचा उन्हाळा सर्वांच्या स्मरणात आहे. तेथे नाव झाले ते बोफोर्सचे. ती ओढून न्यावयाचीच तोफ, पण तिच्या गाड्याला स्वतःचे लहान इंजिन जोडलेले आहे; वाहनातून सुटल्यावर ती थोडे अंतर आपली आपण सरकते, मारा करून जागा सोडते. तिचे तोंड ७० अंशांपर्यंत वर होते. द्रासच्या अरुंद वाटेवर, वर शिखरावर बसलेला शत्रू आपल्याला पाहतो आहे अशा स्थितीत, या दोन गुणांनी पुष्कळ जवानांचे प्राण वाचविले.

त्याच युद्धात पुण्याच्या पाषाण भागातील ‘एआरडीई’ या शस्त्रसंशोधन संस्थेने घडविलेला, अद्याप चाचणीच्या अवस्थेत असलेला ‘पिनाक’ थेट आघाडीवर नेण्यात आला. शिवधनुष्याचे नाव धारण करणारी ही तोफ नव्हे. ट्रकवर बसविलेल्या बारा अग्निबाणांची ती मालिका आहे, आणि २१४ मिलिमीटर व्यासाचे हे बाराही बाण ४४ सेकंदांत सुटतात. त्यानंतर ट्रक तेथे थांबत नाही. शत्रूचे उत्तर त्या जागेवर पडते तेव्हा जागा रिकामी असते. संशोधकांचा प्रयोग आणि सैनिकाची लढाई यांच्यामध्ये एरव्ही वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचा पदर असतो. कारगिलमध्ये तो फाटला. प्रयोग फसला असता तर त्याचे मोल मातीच्या चौथऱ्यावर गाडा चढविणाऱ्या त्या बिशपवाल्यांप्रमाणेच कोणाला तरी मोजावे लागले असते. तो फसला नाही, आणि पुढल्याच वर्षी पिनाकची पहिली पलटण उभी राहिली.

खऱ्या अर्थाने पट्ट्यांवर चालणारी आधुनिक स्वचलित तोफ भारतीय सेनेला मिळाली ती त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. दक्षिण कोरियाच्या आराखड्यावरील ‘के-९ वज्र’ या १५५ मिलिमीटरच्या शंभर तोफांचा करार २०१७ मध्ये झाला. सुरतजवळ हजिऱ्याला त्या बांधल्या गेल्या आणि शेवटची तोफ २०२१ मध्ये सेनेच्या हाती आली. त्या मागविल्या होत्या राजस्थानच्या वाळवंटासाठी. परंतु लडाखच्या सीमेवर चीनशी तणाव वाढला तेव्हा त्यांतील काही डोंगरावर चढविण्यात आल्या. विरळ हवेत इंजिनाचे बळ घटते, गोठविणाऱ्या थंडीत तेल आणि बॅटऱ्या साथ सोडतात. वाळवंटासाठी जन्मलेल्या तोफेला बर्फाचे कपडे शिवावे लागले. ते साधले, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभर तोफांचा करार झाला.